जोडचाकांमधला व्हॉल्व्ह

टायरमध्ये भरलेली हवा आत कशी कोंडून ठेवायची, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या श्रेडर घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडवला. मूळचे जर्मन असलेल्या ऑगस्ट श्रेडर यांनी 1844 मध्ये मॅनहॅटनमध्ये दुकान थाटले होते. रबरी वस्तूंचे धातूचे जोडभाग आणि पाणबुड्यांची शिरस्त्राणे यांत त्यांनी नाव कमावले. 1888 मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकलींचे वेड पसरले. 1893 मध्ये ऑगस्ट यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी सायकल टायरच्या व्हॉल्व्हचे पेटंट मिळवले.

पितळी नळी आणि तिच्यात स्प्रिंगवर बसलेली पिन. पिन दाबली की वाट उघडते, सोडली की बंद होते. आजही मोटारसायकलीपासून ट्रकपर्यंत हीच रचना चालते.

अडचण उभी राहिली ती जोडचाकांमुळे. सुरुवातीचे ट्रक भरीव रबरावर धावत. 1917 मध्ये गुडइयरने अ‍ॅक्रन ते बोस्टन असा ट्रक हवेच्या टायरवर नेऊन दाखवला आणि अवजड वाहनांनाही हवा मानवते हे सिद्ध केले. वजन वाढत गेले, तशी मागच्या आसाला प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके आली. एकाच साच्यातली ही चाके पाठीला पाठ लावून बसवतात. त्यामुळे बाहेरच्या चाकाच्या व्हॉल्व्हचे तोंड अनेकदा आत वळते आणि आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाआड दडतो. मग चाकाच्या तबकडीतल्या भोकांतून चाचपडत हवा भरायची. त्यासाठी दोन तोंडांची नळी निघाली : एक तोंड व्हॉल्व्हवर ढकलून बसवायचे, दुसरे आपल्याकडे ओढून.

हा त्रास टाळायला अमेरिकेतले ट्रकचालक टायरवर दांडके आपटून आवाज ऐकत. आपल्याकडचा क्लीनरही टायर असाच ठोकून पाहतो. मात्र आवाजावरून पार बसलेला टायर ओळखता येतो. दहा-पंधरा पौंडांनी उतरलेली हवा कळत नाही. धोका नेमका तिथेच आहे. हवा कमी असलेल्या टायरच्या भिंती सतत वाकतात, तापतात, आणि त्याचा भार शेजारच्या टायरवर पडतो.

पुढे हा त्रास ट्रकपुरता राहिला नाही. 1961 मध्ये मिशिगनच्या रे फ्रँक यांनी मोटारहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली वाहने, विकायला काढली, 1966 मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीनेही मोटारहोमचे उत्पादन सुरू केले. ट्रकच्या सांगाड्यांवर उभी राहिलेली ही वाहने जोडचाकांसह सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांच्या हाती आली. 1973 च्या जीएमसी मोटारहोमने मागे एकापुढे एक अशी एकेरी चाके देऊन हा प्रश्नच टाळला होता, पण 1978 मध्ये ते मॉडेल बंद झाले.

बाकीच्यांनी व्हॉल्व्हला जोडनळ्या लावल्या. लवचीक नळीचे बाहेरचे टोक बाहेरच्या चाकावर पक्के बांधावे लागते. ते सुटले तर चाकाच्या वेगाने नळी हेलकावते आणि झिजते. शिवाय अशी नळी मूळ व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवते, म्हणून एखादा सांधा गळला तरी टायर रिकामा होतो. यापेक्षा भरवशाचा मार्ग म्हणजे मूळ व्हॉल्व्हच बदलून नटाने आवळलेला, योग्य कोनात वाकवलेला धातूचा अखंड व्हॉल्व्ह बसवणे. बाहेरच्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेर वळवायचा आणि आतल्याचा लांब व्हॉल्व्ह भोकातून पुढे आणायचा. त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो, म्हणून नवे टायर घेतानाच हे काम उरकणे सोयीचे.

अमेरिकेच्या संसदेने 2000 मध्ये केलेल्या कायद्यानुसार हवेच्या दाबाचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. 1 सप्टेंबर 2007 पासून बनणाऱ्या 4,536 किलोपर्यंतच्या वाहनांना ती लागू आहे, पण आसावर जोडचाके असलेली वाहने त्या नियमातून वगळली आहेत. म्हणून मोटारहोमच्या मालकाने प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, आतल्या चाकाचा दाब स्वतः मापकाने तपासलाच पाहिजे.