मायक्रोफोनच्या तीन आकृति



गेल्या वर्षीं माझी नात शिक्षणासाठीं परगांवीं जावयास निघाली. जाण्यापूर्वीं तिचें गिटारवादन घरच्या घरीं मुद्रित करून ठेवावें, असें आम्हां उभयतांच्या मनानें घेतलें. हातीं दोनच संध्याकाळी होत्या. त्यांतली पहिली माझ्या अज्ञानापायीं वायां गेली. मायक्रोफोन गिटारच्या छिद्रासमोर अगदीं जवळ मांडला. ऐकून पाहतों तों खर्ज नुसता घुमतो आहे आणि वरच्या तारांचे स्वर त्यांत बुडून गेले आहेत! मायक्रोफोनवर तीन आकृति दाखविणारी एक कळ होती. तिच्याकडे मीं लक्षच दिलें नव्हतें. त्या तीन आकृतींचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

१९२५ पूर्वीं ध्वनिमुद्रण कर्ण्याच्या साहाय्यानें होत असे. मोठ्या आवाजाच्या गवयाचें त्यांत निभावे. परंतु गिटारसारख्या मृदु वाद्याची त्यापुढें मात्रा चालत नसे. १९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू झालें व १९२७ सालीं स्पॅनिश वादक आन्द्रेस सेगोव्हिया यांच्या गिटारच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. हें घडलें तें मायक्रोफोनमुळें.

ई. सी. वेन्टे या अमेरिकन संशोधकानें १९१६ सालीं कंडेन्सर मायक्रोफोन सिद्ध केला. त्याचा पडदा मागून बंद असे. हवेच्या दाबाला दिशा नसते. म्हणून असा मायक्रोफोन चोहोंकडचें सारखेंच ऐकतो. ही पहिली, वर्तुळाकृति.

पुढें १९३१ च्या सुमारास हॅरी ओल्सन यांनीं आर.सी.ए. कंपनींत धातूच्या पातळ पट्टीचा मायक्रोफोन पूर्णत्वास नेला. ही पट्टी दोन्ही बाजूंनीं उघडी असते. कडेनें येणारा आवाज तिच्या दोन्ही अंगांवर एकाच वेळीं व सारखाच पोहोंचतो, म्हणून ती हालत नाहीं. समोरचें व पाठीमागचें तेवढें ती ऐकते. ही दुसरी आकृति इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. आपला मराठी आठ येथें उपयोगी नाहीं!

तिसरी आकृति म्हणजे या दोहोंची बेरीज होय. समोरच्या बाजूस दोहोंचीं चिन्हें एकच, म्हणून तेथें भर पडते. पाठीमागें आठाच्या आकृतीचें चिन्ह उलट होतें, म्हणून तेथें शून्य उरतें. उरलेला आकार हृदयासारखा दिसतो. जर्मनींत फोन ब्राउनम्यूल व वेबर यांनीं १९३५ सालीं दोन पडद्यांच्या कंडेन्सरनें ही आकृति साधली; अमेरिकेंत बेंजामिन बाउअर यांनीं एकाच घटकावर ती साधली व १९३९ सालीं शूर कंपनीचा युनिडाइन बाजारांत आला. १९४९ सालच्या नॉयमनच्या यू ४७ मायक्रोफोनवर वर्तुळ व हृदय यांमधून निवड करण्याची कळच होती.

या इतिहासांतच माझ्या चुकीचें उत्तर होतें. दोन बाजूंच्या दाबांतील फरकावर चालणारा मायक्रोफोन ध्वनीच्या फार जवळ नेला कीं खर्ज फुगवितो. वर्तुळाकृतींत हा दोष नाहीं. पण वर्तुळाकृति खोलीचा घुमारा व रस्त्यावरची वर्दळही टिपते. म्हणजे काय ऐकावयाचें, यापेक्षां काय टाळावयाचें, हें आधीं ठरवावें लागतें. टाळावयाचा आवाज पाठीमागें असेल तर हृदयाकृति, कडेला असेल तर आठाची आकृति, आणि खोली शांत व सुस्वर असेल तर वर्तुळाकृति.

दुसऱ्या संध्याकाळीं मीं हृदयाकृति निवडली, मायक्रोफोनची पाठ रस्त्याकडील खिडकीला केली, आणि गिटारची मान जेथें धडाला मिळते त्या ठिकाणाकडे, सुमारें सव्वा फुटावरून, त्याचें तोंड वळविलें. तारा मोकळ्या झाल्या, स्वर स्वच्छ उतरले.

अखेरची गत मात्र मुद्दाम वर्तुळाकृतीवर घेतली. तींत स्वयंपाकघरांतील भांडीं वाजतात, आणि दिवा लावला का, असें आजी नातीला विचारते. मुद्रण म्हणून तें सदोषच. परंतु नात गेल्यापासून आमच्या घरीं अधिक वेळां ऐकली जाते ती हीच गत.