ढालकिड्याची अंडी आणि संप्रेरके

मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड यांचा फडशा पाडणाऱ्या मित्रकीटकांत सात ठिपक्यांचा ढालकिडा सर्वाधिक परिचयाचा. त्याच्या मादीची अंडी घालण्याची क्षमता मेंदूमागील दोन सूक्ष्म ग्रंथींवर अवलंबून असते. या ग्रंथींतून 'ज्युव्हेनाईल हॉर्मोन' स्रवते. नाव बाल्याचे असले, तरी काम दुहेरी. अळीच्या वयात हे संप्रेरक तिला प्रौढ होऊ देत नाही. कोषावस्थेपूर्वी ते जवळजवळ नाहीसे होते आणि प्रौढ मादीत प्रजननासाठी पुन्हा स्रवू लागते. ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३०च्या दशकात रक्त शोषणाऱ्या एका ढेकणावर प्रयोग करून ही दोन्ही कामे दाखवून दिली.

संप्रेरकाचा इशारा मिळताच मादीच्या मेदपिंडात 'व्हायटेलोजेनिन' हे प्रथिन तयार होते. ते रक्तरसातून अंडाशयात पोहोचते व अंड्यांत बलक म्हणून साठते. मात्र पोटभर मावा मिळाला तरच हा इशारा सुटतो. प्रतिकूल ऋतूत ग्रंथी मंदावतात आणि मादी अंडी न घालता सुप्तावस्थेत जाते. प्रयोगशाळेत कृत्रिम अन्नावर वाढवलेल्या माद्याही अशाच वांझोट्या राहतात, ही या कीटकांच्या व्यापारी पैदाशीतील जुनी डोकेदुखी. अशा माद्यांना संप्रेरकासारखे रसायन दिल्यास बलकाचे प्रथिन पुन्हा तयार होऊ लागते, असे चिनी कीटकशास्त्रज्ञांना १९८०च्या दशकात आढळले.

हीच किल्ली उलटीही फिरते. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीने संपत आल्या असताना १८८८-८९च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाहून व्हेडालिया भुंगेरे आणण्यात आले. पहिल्या तुकड्यांत ते अवघे १२९ होते. तरीही वर्ष-दीड वर्षात कीड आटोक्यात आली. जैविक कीडनियंत्रणाचा हा आद्य विजय शतकभर टिकला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मात्र तेथे दुसऱ्या एका खवले किडीसाठी पायरीप्रॉक्सिफेनची फवारणी सुरू झाली आणि जुन्या किडीने पुन्हा डोके वर काढले. हे रसायन ज्युव्हेनाईल हॉर्मोनची नक्कल करते. भारतातही कपाशीवरील पांढऱ्या माशीसाठी ते वापरले जाते. माणसाला व सस्तन प्राण्यांना त्याचा धोका कमी, म्हणून ते सौम्य समजले जाते; व्हेडालियाला ते सौम्य नाही. फवारणीनंतरही प्रौढ भुंगेरे फांद्यांवर फिरताना दिसतात, त्यामुळे बागाईतदार निश्चिंत राहतो. परंतु त्यांची अंडी उबत नाहीत आणि अळ्या कोषातून बाहेर पडत नाहीत.