पॉइंट थर्टी-टू कुणी ठरवलं?

समजा, चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये राहणाऱ्या एका मराठी व्यापाऱ्याला धमक्या येताहेत आणि त्याला पिस्तूल घ्यायचंय. परवान्यासाठी तो चेन्नईच्या पोलीस आयुक्तांकडे अर्ज करील. त्याचा भाऊ कोथरूडला राहत असेल, तर तो पुण्याच्या आयुक्तांकडे जाईल. कायदा दोघांना एकच, केंद्राचा. परवाना मिळालाच, तर दोघांच्या हातात बहुधा एकाच मापाची वस्तू येईल: .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कुठलं माप चांगलं, यावर अमेरिकेत माणसं तासन्‌तास वाद घालतात. आपल्याकडे त्या वादाला जागाच उरलेली नाही. असं का झालं, ते आज पाहू.

आधी शब्द समजून घेऊ. बोअर किंवा कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. .३२ म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, सुमारे आठ मिलिमीटर. ब्रिटिश लष्कराचं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर .४५५ चं, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास.

मापाचा वाद पेटला तो वसाहतींच्या लढायांत. फिलिपाइन्समध्ये अमेरिकन सैनिकांची तक्रार होती की, .३८ ची गोळी लागूनही अंगावर धावून येणारा माणूस थांबत नाही. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि शिवाय मृतदेहांवर गोळ्या झाडून चाचण्या केल्या. .४५ पेक्षा लहान गोळी नको, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यातूनच १९११ चं प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल आलं. तिथे प्रश्न होता तो गोळीने समोरचा थांबतो की नाही, एवढाच.

हिंदुस्थानात ब्रिटिशांपुढचा प्रश्न वेगळा होता: आमची काडतुसं यांच्या बंदुकीत बसतील का?

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना मात्र सूट होती. पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० मापाच्या रायफली आणि काडतुसं हिंदुस्थानात आणायला बंदी केली. सरहद्दीवर जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली लोकांच्या हाती पडल्या होत्या आणि त्यांचं माप तेच होतं. शिकाऱ्यासाठी आलेली गोळी बंडखोराच्या नळीत जाईल, ही धास्ती होती. लंडनच्या बंदूक कारागिरांनी यावर तोड काढली. त्यांनी माप किंचित बदललं आणि .४६५, .४७०, .४७५ अशा नव्या रायफली काढल्या. वाघाच्या शिकारीला .४५० कमी पडत होती असं नाही. सरकारी हुकूम चुकवायला ही मापं जन्माला आली.

बंडाची भीती काही पोकळ नव्हती. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हाती चोरून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी ते एक. १७ जून १९११ ला तमिळ मुलखात मणियाची स्टेशनवर वांचीनाथनने कलेक्टर ॲशला मारलं, तेही ब्राउनिंगनेच. त्याला पाँडिचेरीत तयार करणारे व्ही. व्ही. एस. अय्यर हे लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे सोबती. पण बघा, ही दोन्ही पिस्तुलं परवाना घेऊन आलेलीच नव्हती. मापाचा नियम पाळतो तो परवानाधारक. पेटीच्या चोरकप्प्यातून येणाऱ्या पिस्तुलाला तो लागत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हे बदलेल असं वाटत होतं. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि सूचना फेटाळली गेली. शस्त्र हा हक्क झाला नाही, परवान्याचाच विषय राहिला.

१९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला नियमांसह लागू झाला. वंशभेद गेला, मापाची जुनी धास्ती मात्र टिकली. .३८० आणि .४५५ ची रिमवाली काडतुसं किंवा लष्करी नऊ मिलिमीटरचं काडतूस ज्यात बसतं, ते पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’. म्हणजे पोलीस आणि सैन्य जे वापरतं, ते सामान्य नागरिकाला नाही. पुढे १९८० च्या दशकात खासगी आयातीवर बंधनं आली. मग नव्या खरेदीला उरलं काय? मुख्यतः कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ चं रिव्हॉल्व्हर. त्यात बसणाऱ्या काडतुसाच्या तळाशी बऱ्याचदा ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात. केएफ म्हणजे आपल्या खडकीचा, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना.

या गोळीची ऊर्जा नऊ मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. तरी जानेवारी २०१४ मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर वर्षभराने, कानपूरहून महिलांसाठी म्हणून जे ‘निर्भीक’ आलं, तेही .३२ चंच. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत १,२२,३६० रुपये. वजन कमी केलं, नाव बदललं, माप तेच राहिलं. आणि इतकी किंमत किती जणींना परवडणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला.

मग मोठं माप मिळालं असतं तर माणूस जास्त सुरक्षित झाला असता का? १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत अमेरिकेच्या एफबीआयचे दोन जण मारले गेले, तेव्हा दोष गोळीला दिला गेला. एफबीआय दहा मिलिमीटरकडे गेली, मग .४० कडे आणि शेवटी परत नऊकडेच आली. मोठ्या मापाचा धक्का हाताला सोसत नाही, नेम चुकतो. योग्य जागी लागलेली लहान गोळी चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा कामाची, हा धडा त्यांना तीस वर्षांनी मिळाला.

आपल्या कायद्यातली एक गोष्ट तर फार जणांना ठाऊकच नसते. रक्षणासाठी नागरिकाला किमान वीस इंची नळीची साधी बंदूक हवी असेल, तर परवाना द्यावा, असं कलम १३ सांगतं. पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. कायद्याच्या नजरेत घर राखायचं हत्यार म्हणजे दाराआडची लांब बंदूक, खिशातलं पिस्तूल नव्हे.

आणि स्वसंरक्षणाचा हक्क पिस्तुलासोबत येत नाही, तो आधीपासूनच आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६, आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. त्याची मर्यादाही तिथेच आहे: बचावाला लागेल तेवढंच बळ. नुंगंबाक्कमच्या त्या व्यापाऱ्याचं माप सरकारने केव्हाच ठरवून टाकलंय. सराव किती करायचा, हत्यार कुलपात कसं ठेवायचं आणि ते बाहेर न काढता निभावता येईल का, एवढं मात्र त्याचं त्यालाच ठरवायचंय.