रुग्णपोषण व आहारशास्त्र (पदव्युत्तर पदवी)

रुग्णपोषण व आहारशास्त्र ही आजारी व्यक्तीच्या आहाराचे शास्त्रीय नियोजन शिकवणारी विज्ञान शाखेतील पदव्युत्तर पदवी आहे. 'एम.एस्सी. क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स' या नावाने ती अधिक ओळखली जाते. अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा व चार सत्रांचा असतो. पदवीधर प्रामुख्याने रुग्णालयांत आहारतज्ज्ञ म्हणून काम करतात. वजन घटवण्याचा सल्ला हा या विषयाचा केवळ एक लहान भाग असला, तरी सर्वसामान्यांना बहुधा तेवढाच परिचित असतो.

पार्श्वभूमी

भारतातील पोषणविषयक संशोधनाचा आरंभ १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी उभारलेल्या छोट्या प्रयोगशाळेत झाला. ही संस्था १९५८ साली हैदराबादला हलली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतीय खाद्यपदार्थांतील पोषकद्रव्यांचे तिने प्रसिद्ध केलेले तक्ते हे या विषयाच्या विद्यार्थ्याचे रोजचे साधन होय. त्यांची अद्ययावत आवृत्ती २०१७ मध्ये आली. आहारतज्ज्ञांची देशव्यापी संघटना, इंडियन डायटेटिक असोसिएशन, १९६३ साली स्थापन झाली. 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' ही परीक्षा तीच घेते.

महाराष्ट्रात हा विषय वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा गृहविज्ञान महाविद्यालयांच्या आश्रयाने वाढला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या आणि पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी (एस.एन.डी.टी.) या नावाने प्रसिद्ध झालेल्या महिला विद्यापीठाचा जुहू परिसर, तसेच मुंबईतील निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय ही त्याची जुनी केंद्रे आहेत. या वारशामुळे व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण आजही मोठे आहे. 'स्वयंपाकाचा अभ्यासक्रम' ही चुकीची समजूतही त्यातूनच रूढ झाली असावी.

अभ्यासक्रम

प्रवेशासाठी गृहविज्ञान, अन्नविज्ञान व पोषण किंवा जीवशास्त्राशी निगडित विषयातील पदवी लागते. नेमकी अट विद्यापीठानुसार बदलते. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अन्नसूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र व संशोधनपद्धती या पायाभूत विषयांवर वैद्यकीय पोषणोपचार हा मुख्य विषय उभा राहतो. मधुमेह, मूत्रपिंड व यकृताचे विकार, कर्करोग, भाजलेले रुग्ण, अतिदक्षता विभागातील रुग्ण आणि नाकातील नळीतून वा शिरेतून दिले जाणारे पोषण यांचा त्यात समावेश असतो. शेवटच्या टप्प्यात शोधप्रबंध व रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण असते.

या शिक्षणाचा गाभा हिशोबात आहे. मधुमेह नसलेल्या व डायलिसिस सुरू न झालेल्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ३६ ग्रॅम. त्याच रुग्णाचे डायलिसिस सुरू झाले की गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते व आकडा ६० ते ७२ ग्रॅम होतो. डाळ, अंडी कमी करण्याचा जुना सल्ला तसाच पाळत राहिलेला रुग्ण या टप्प्यावर झपाट्याने खंगतो. कागदावर हा फरक एका ओळीचा आहे, पण घरच्यांना तो पटवून देणे हेच आहारतज्ज्ञाचे खरे काम ठरते.

तीव्र कुपोषणाचा उपचार

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास त्याला अतितीव्र कुपोषित मानले जाते. उंचीच्या मानाने वजन फार कमी असणे हाही स्वतंत्र निकष आहे. अशा बालकाला पहिल्याच दिवशी पोटभर खाऊ घालणे धोक्याचे असते. उपासमारीने मंदावलेल्या शरीरात अन्न एकदम गेल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे संतुलन बिघडून हृदय बंद पडू शकते. म्हणून आरंभी १०० मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी देणारे 'एफ-७५' हे सौम्य दूध किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर या प्रमाणात दिले जाते. सहा किलोच्या बालकाला दिवसाला ७८० मिलिलिटर, म्हणजे दर दोन तासांनी ६५ मिलिलिटर, मध्यरात्रीही. पायांवर बरीच सूज असल्यास हे प्रमाण आणखी कमी ठेवतात. भूक परतल्यावरच 'एफ-१००' किंवा तत्सम घन आहार सुरू होतो. पोषण पुनर्वसन केंद्रांत वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांबरोबर पोषण समुपदेशकही असतो.

कर्जत-खालापूर परिसर

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत विषयाची दोन्ही टोके शेजारी आढळतात. पाताळगंगेकाठचे मोहोपाडा हे रसायनी औद्योगिक पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यामुळे हा पट्टा नावारूपाला आला. पाळीत काम करणाऱ्या कामगाराच्या जेवणाच्या वेळा आठवड्याआड बदलतात. त्याला मधुमेह असेल, तर नाश्ता-जेवणाचा ठरावीक तक्ता निरुपयोगी ठरतो आणि आहार पाळीनुसार आखावा लागतो. याच तालुक्यांच्या वाड्यांवर कातकरी समाज राहतो. केंद्र शासनाने त्याचा विशेष असुरक्षित आदिवासी गटांत समावेश केला आहे. पावसाळा संपला की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्यासाठी स्थलांतर करतात. परिणामी अंगणवाडीत नोंदलेल्या बालकाचे वजन व आहार यांचा पाठपुरावा नेमका गरजेच्या महिन्यांत तुटतो.

स्थानिक आहाराची माहिती नसलेला तक्ता येथे चालत नाही. तांदळाची भाकरी, नाचणी, वाल व सुकट हे इथले परिचित पदार्थ आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, त्यामुळे ती गरोदर स्त्रीला उपयुक्त आहे. सुकट प्रथिनांचा स्वस्त स्रोत असली, तरी मीठ व फॉस्फरस यांमुळे मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी अयोग्य ठरते. एकाच घरात दोघींना दोन वेगळे सल्ले द्यावे लागतात, ते असे.

मान्यता व दूरशिक्षण

दीर्घकाळ भारतात 'आहारतज्ज्ञ' या संज्ञेला कायद्याचे संरक्षण नव्हते. काही आठवड्यांचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्तीही ही पाटी लावू शकत असे. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश झाला आणि नोंदणीची तरतूद आली. त्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिक होण्यासाठी किमान ३६०० तासांचे पदवी शिक्षण आवश्यक आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पोषण व आहारशास्त्रासह दहा व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम प्रसिद्ध केले.

याच कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये रुग्णपोषण व आहारशास्त्रासह संबंधित विषयांत दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास मनाई केली. रुग्णशय्येशेजारी शिकायचा विषय घरबसल्या शिकता येत नाही, हा त्यामागचा तर्क सयुक्तिक आहे. तथापि नोकरी वा संसार सांभाळून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या आहारशास्त्र व अन्नसेवा व्यवस्थापन या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या ग्रामीण विद्यार्थिनींसाठी ती वाट बंद झाली. मोहोपाड्याच्या विद्यार्थिनीला आता पनवेल गाठून पुढे हार्बर मार्गाने मुंबईला रोज ये-जा करणे किंवा वसतिगृहात राहणे हे पर्याय उरतात. वसतिगृहाचा खर्च बहुधा शुल्काइतकाच महत्त्वाचा ठरतो. प्रवेशापूर्वी संस्थेचा अभ्यासक्रम आयोगाच्या निकषांत बसतो का आणि प्रशिक्षणाचे रुग्णालय कोणते, हे लेखी विचारून घेणे इष्ट असते.