धन्यावाचून निघालेली बॅग

परवा मुंबईत आमचं विमान अर्धा तास जागेवरच उभं. एक प्रवासी आलाच नव्हता, पण त्याची चेक-इन केलेली बॅग मात्र विमानाच्या पोटात जाऊन बसलेली. ती शोधून उतरवणं चाललं होतं. शेजारचे काका वैतागले, "एका बॅगेसाठी एवढी माणसं ताटकळत!"

मला २२ जून १९८५ आठवला. व्हँकुव्हरच्या काउंटरवर 'एम. सिंग' नावाने आलेल्या माणसाने हुज्जत घालून बॅग थेट दिल्लीपर्यंत लावून घेतली. टोरांटोपासून पुढे एअर इंडियात त्याची जागा पक्कीही नव्हती. बॅग गेली, हा चढलाच नाही. २३ जूनला 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. ३२९ माणसं गेली. त्याच्या तासभर आधी टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर अशीच दुसरी बॅग फुटून सामान हलवणारे दोन कामगार गेले होते. (त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.)

केबिनची बॅग आपल्या डोक्यावरच्या कप्प्यात असते. खाली दिलेली मात्र धन्यावाचून जाऊ शकत होती. कनिष्कनंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांना नियम कडक झाला: माणूस नाही, तर बॅगही नाही.

काकांना हे सांगावं का? नातवाला खिडकीशी बसवून निघाले होते बिचारे. मी गप्पच बसलो. तेवढ्यात खाली सामानाचं दार लागल्याचा आवाज आला.