टाकून दिलेले पाणी : पवई तलावातील मासेमारीचा इतिहास

मुंबईच्या इतिहासात मासेमारीचा विषय निघाला की विचार होतो तो समुद्राचा. कोळीवाडे, होड्या, जाळी, सुक्या मासळीचा व्यापार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने महानगराच्या हद्दीतील गोड्या पाण्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वस्तुतः या हद्दीत विहार, तुळशी व पवई असे तीन मोठे कृत्रिम जलाशय आहेत. ते तिन्ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुमारे पस्तीस वर्षांच्या अवधीत, एकाच हेतूने बांधले गेले व तो हेतू म्हणजे शहरास पिण्याचे पाणी पुरविणे. असे असता गळाने मासे धरण्याच्या छंदाचे ठिकाण म्हणून नाव झाले ते मुख्यतः पवईचे. या भेदाचे कारण माशांच्या स्वभावात शोधू गेल्यास ते अपुरे सापडते. ते शोधावयास हवे नगराच्या जलपुरवठ्याच्या इतिहासात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेटाची तहान विहिरी व तलाव यांवरच भागत असे. वाढत्या वस्तीला हे पाणी पुरेनासे झाले, तेव्हा साष्टी बेटावरील मिठी नदीच्या खोऱ्यात धरण बांधण्याची योजना हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने मांडली. १८५६ मध्ये विहारचे काम सुरू झाले व १८६० मध्ये त्याचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशीची भर पडली. तथापि वस्तीची वाढ पाण्याच्या पुढे धावत होती. १८७२ च्या शिरगणतीत ६,४४,४०५ असलेली लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ झाली. तानसा नदीवरील मोठ्या धरणाचे काम पूर्ण होईपर्यंतच्या काळात तातडीचा उपाय म्हणून पवईचे खोरे अडविण्यात आले.

हे खोरे तोपर्यंत शेतीवाडीचे होते. १८२९ मध्ये पवईची जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे भाडेपट्ट्याने आली होती व तेथे त्याने लागवडीचे नाना प्रयोग केले होते. या खोऱ्यातून वाहणारा मिठीचा एक फाटा अडवून १८९० च्या सुमारास तलाव तयार झाला. परंतु त्याचे पाणी पिण्यास निकृष्ट ठरले. १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात येताच पवईची गरजही संपली. ज्या कामासाठी तलाव बांधला ते काम त्याच्याकडून अशा रीतीने फार लवकर काढून घेण्यात आले. पुढील काळात त्याचे पाणी आरे वसाहतीस व कारखान्यांस देण्यात येऊ लागले. घरगुती नळात ते परत आले नाही.

पवईचे पाणी निकृष्ट का ठरले, याचा काही उलगडा तलावाच्या घडणीवरून होतो. महानगरपालिकेच्या आकडेवारीनुसार पवईची साठवण ५,४५५ दशलक्ष लीटर असून पूर्ण भरल्यावर पाण्याचा विस्तार २.२३ चौरस किलोमीटर होतो. विहारची साठवण २७,६९८ दशलक्ष लीटर व विस्तार ७.२७ चौरस किलोमीटर, तर तुळशीची साठवण ८,०४६ दशलक्ष लीटर व विस्तार १.३५ चौरस किलोमीटर आहे. साठवणीस विस्ताराने भागले असता सरासरी खोली तुळशीची सुमारे ६ मीटर, विहारची सुमारे ३.८ मीटर आणि पवईची केवळ २.४ मीटर येते. हे आकडे जलाशयाच्या मूळ क्षमतेचे आहेत. गाळाचा हिशेब त्यांत नाही. तरीही तिघांत पवई सर्वांत उथळ, ही गोष्ट त्यांवरून स्पष्ट होते. उथळ पाणी लवकर तापते, त्याच्या तळापर्यंत ऊन पोहोचते, शेवाळ व पाणवनस्पती त्यात जोमाने वाढतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष होय. माशांच्या दृष्टीने मात्र हीच समृद्धी, कारण त्यांचे अन्न याच उबदार व हिरवट पाण्यात निपजते. जो गुण पवईला नळातून बाहेर काढण्यास कारण झाला, तोच तिला गळाकडे नेणारा ठरला.

अर्थात या खोऱ्यात मासेमारी तलावाबरोबर जन्मली असे समजण्याचे कारण नाही. कोकणातील ओढ्यानाल्यांत पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात व भातखाचरांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. ‘चढणीचे’ अथवा ‘वलगणीचे’ म्हणून ओळखले जाणारे हे मासे पकडणे हा ठाणे-कुलाबा भागातील शेतकऱ्यांचा व आदिवासींचा जुना ऋतुक्रम आहे. पाग, टोपल्या, बांबूचे सापळे ही त्याची साधने. मळ्ये, शिंगी, मरळ, वाम हे त्याचे मासे. ही मासेमारी मोसमी, घरापुरती व परवान्यावाचूनची होती. नदीवर बांध पडला की माशांच्या या चढणीचा मार्ग तुटतो आणि वाहत्या पाण्याच्या जागी बारमाही साचलेले पाणी येते. पवईस जी मासेमारी पुढे प्रसिद्धीस आली ती या जुन्या रीतीची वाढ नव्हे. ती निराळ्या समाजाची व निराळ्या हेतूची होती.

गळाने मासे धरण्याचा छंद हिंदुस्थानात रुजविला तो इंग्रज अधिकाऱ्यांनी. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी एच. एस. टॉमस याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये निघाला. त्या परंपरेचा मानाचा मासा म्हणजे वाहत्या नदीतील महसीर. मुंबईसारख्या शहरात कचेरीच्या सुट्टीत गाठता येईल असे पाणी हवे, तर तलावावाचून गत्यंतर नव्हते. विहार व तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे साठे म्हणून राखीव राहिले. पवईचे पाणी कोणी पीत नसल्यामुळे तेथे अशी आडकाठी उरली नव्हती. पुढे महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेने येथे सभासदत्व, परवाने व मत्स्यबीज सोडण्याची व्यवस्था यांच्या आधारे या छंदास संघटित रूप दिले.

मत्स्यबीज सोडणे ही या व्यवस्थेतील कळीची गोष्ट होय. तलावातील मोठ्या माशांत गणना होणारे कटला, रोहू व मृगळ हे कोकणच्या आखूड नद्यांचे मूळ रहिवासी नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातील होत. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, परंतु प्रजनन करीत नाहीत; त्यास नदीचा पूर लागतो. म्हणून प्रत्येक पिढी बाहेरून आणून सोडणे भाग पडते. नद्यांतून गोळा केलेले बीज हेच दीर्घकाळ त्याचे साधन होते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार करणे शक्य झाले. १९५२ मध्ये भारतात आलेला तिलापिया मात्र याच्या उलट, साचलेल्या पाण्यात आपोआप व बेसुमार वाढणारा. पवईतही तो आढळतो. ज्यास लोक नैसर्गिक सरोवर समजतात ते अशा रीतीने दुहेरी कृत्रिम आहे : पाणी बांधाने अडविलेले व मासे हाताने सोडलेले.

यातूनच हक्काचा प्रश्न उभा राहतो. जो मासे सोडतो तो त्यांवर सत्ता सांगतो. परवाना नसलेला गळ वा जाळे मग चोरी ठरते. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने स्फोटके व विष यांनी मासे मारण्यास बंदी केली. १९६० च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायद्याने राज्यास नियमनाचे साधन दिले. मत्स्यसंपत्तीच्या रक्षणासाठी अशी बंधने अवश्य होती, यात शंका नाही. पण तलावाकाठच्या पाड्यांतील आदिवासींच्या बाजूने पाहता, पूर्वी घरच्या कालवणासाठी धरलेला मासा आता दुसऱ्याच्या मालकीचा झाला होता. छंदाचे रक्षण व उपजीविकेची कोंडी एकाच नियमातून उद्भवू शकतात, हे पवईच्या इतिहासात विसरून चालणार नाही.

याहून गंभीर परिणाम मात्र पाणलोट क्षेत्रावर झाला. विहार व तुळशी यांचे पाणी शहर पीत राहिले म्हणून त्यांच्या भोवतीचे जंगल राखणे हे पालिकेचे हिताचे काम ठरले. ते दोन्ही तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आजही वनाच्छादित आहेत. पवईच्या ६.६१ चौरस किलोमीटर पाणलोटास असे संरक्षण लाभले नाही. १९४८ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीने पवईस जमीन घेतली. १९५८ मध्ये भारतीय तंत्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली व तलावाच्या काठीच तिचा परिसर वसला. भोवतालच्या टेकड्यांवर दगडांच्या खाणी चालल्या. १९८० च्या दशकापासून उंच इमारतींची नगरी उभी राहिली. यांपैकी प्रत्येक उद्योगाचे स्वतंत्र समर्थन करता येईल. पण त्यांचा एकत्रित भार तलावावर पडला आणि खाणींची माती, सांडपाणी व मूर्तिविसर्जनाचा गाळ तळाशी साचत गेला.

सांडपाण्याबरोबर येणारी नत्र व स्फुरद ही द्रव्ये प्रथम खतासारखी उपकारक भासतात. शेवाळ वाढते, अन्न वाढते, मासेही पोसतात. मर्यादा ओलांडली की तेच शेवाळ व कुजणाऱ्या वनस्पती रात्री पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात व पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तडफडू लागतात. जलपर्णीचा थर ऊन व वारा अडवितो. नाजूक जाती हटतात. तिलापियासारख्या काटक जाती राहतात. पवईत या क्रमाची चिन्हे दिसू लागली तेव्हा राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेखाली तलावाच्या शुद्धीचे प्रयत्न झाले. जलपर्णी काढण्याचे काम तर वारंवार करावे लागले आहे.

या दृष्टीने ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय लक्षणीय ठरतो. काठावर सायकल व पायवाटेचा मार्ग बांधण्याचा पालिकेचा प्रकल्प न्यायालयाने पाणथळ जागांविषयीच्या नियमांच्या आधारे बेकायदा ठरविला व जागा पूर्ववत करण्यास सांगितले. ज्या तलावास पिण्याच्या पाण्याचा साठा म्हणून कोणी वाली उरला नव्हता, त्यास आता पाणथळ भूमी म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. जलपुरवठ्याच्या हिशेबात निरुपयोगी ठरलेल्या पाण्याचे हे नवे मूल्यमापन होय.

तात्पर्य, पवईतील मासेमारीचा उदय व तिची अवनती या दोन स्वतंत्र घटना नाहीत. १८९० च्या दशकात शहराने हे पाणी टाकून दिले, म्हणून ते गळास मोकळे झाले. आणि ते टाकून दिले, म्हणूनच त्याच्या पाणलोटाची राखण करण्याची गरज कोणास वाटली नाही. एकाच निर्णयाची ही दोन फळे आहेत. तलावाच्या स्वच्छतेत ज्याचा रोजचा स्वार्थ गुंतला आहे असा पहारेकरी नळाने गमावला, तेव्हा ती जागा काही काळ काठावरच्या गळवाल्याने भरून काढली. परंतु बीज सोडणे त्याच्या हाती होते, पाणलोट नव्हते. नागरी जलाशयांच्या अभ्यासात धरणाच्या बांधकामाइतकेच महत्त्व त्यातील माशास द्यावयास हवे, ते याकरिता. पाण्याचा धनी कोण आणि त्याची राखण कोणाच्या हिताची, या दोन प्रश्नांची उत्तरे मासा जितकी नेमकी देतो तितकी पालिकेचे अहवालही देत नाहीत.