शिअर एकटा सापडत नाही

पत्रा कापायच्या कातरीची खीळ सैल झाली की पत्रा कापला जात नाही, दोन पात्यांच्या फटीत दुमडतो. पाती एकमेकांना घासून चालली तरच कापते. पदार्थांची ताकद मोजणाऱ्यांची अडीचशे वर्षांची एक मोठी खटपट या फटीभोवतीच झाली आहे. ओढून तोडायची चाचणी सरळ असते: सळीची दोन टोके पकडायची, ओढत राहायचे, तुटली की आकडा लिहायचा. दाबून पाहणेही जमते. तिसरी तऱ्हा मात्र हट्टी आहे. पदार्थाचा एक थर शेजारच्या थरावरून सरकवू पाहणाऱ्या बलाला पाठ्यपुस्तके कर्तन म्हणतात आणि कारखान्यात सगळे शिअर म्हणतात. ते मोजायला गेले की दोन विरुद्ध बलांमध्ये थोडे तरी अंतर राहते, आणि अंतर राहिले की बाक येतो. मग तुकडा शिअरने तुटला की वाकून, हे कसे सांगायचे? शिअरच्या चाचणीचा सगळा वंश या प्रश्नातून वाढला.

मूळपुरुष म्हणावा असा माणूस आपल्याला भलत्याच कारणाने माहीत असतो. शार्ल ऑगस्तँ कूलोम म्हटले की विद्युतभाराचे एकक आठवते. पण तो पेशाने फ्रेंच लष्करातला अभियंता. १७६४ ते १७७२ अशी आठ वर्षे त्याने कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर फोर्ट बूर्बाँ हा किल्ला बांधण्यात घालवली आणि तब्येतीची हानी करून घेतली. परतल्यावर १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने एक निबंध वाचला. भिंती, कमानी, खांब आणि मातीचा रेटा हे किल्ला बांधणाऱ्याचे रोजचे प्रश्न त्यात होते. उत्तरे देण्याआधी त्याने दगड तोडून पाहिले होते.

बोर्दोकडचा बारीक, एकजिनसी पोताचा पांढरा दगड त्याने घेतला. एक तुकडा ओढून तोडला. दुसरा तुकडा खोबणीत घट्ट बसवून बाहेर आलेल्या भागाला, अगदी खोबणीच्या तोंडाशी, दोर गुंडाळला आणि दोराला वजन टांगले. दोर तोंडाशी का, तर दगड वाकू नये म्हणून. फट मिटवण्याचा हा पहिला विचारपूर्वक प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, शिअरचा किंचित जास्त. म्हणून हिशेबात त्याने दोन्ही ताकदी समान धरल्या. आज ते पाहताना शंका येते. दोराला जाडी असते, त्यामुळे थोडा तरफेचा हात उरतोच, आणि ओढ सोसण्यात दगड मुळातच कच्चा. कूलोमचा दगड बहुधा बाकाच्या ओढीनेच फुटला असावा. तरी त्याच निबंधातली मूळ कल्पना टिकली: सरकण्याला होणारा विरोध म्हणजे पदार्थाची स्वतःची चिकटून राहण्याची ताकद आणि दाबानुसार वाढणारे घर्षण यांची बेरीज. मातीचा पाया तपासणारे अभियंते आजही याच बेरजेने काम करतात.

यानंतर बराच काळ शिअरकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही. तुळई तुटते ती वाकून, असा समज घट्ट होता आणि दगड-विटांच्या बांधकामात तो चालूनही गेला. त्याला धक्का दिला रेल्वेने.

रशियात सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को लोहमार्ग १८५१ साली सुरू झाला. त्यावरचे पूल लाकडी होते आणि द्मित्री झुराव्स्की हा तरुण अभियंता ते बांधत होता. लाकडाचा स्वभाव त्याला नेमका कळला: तंतूंच्या आडवे ते चिवट असते, पण तंतूंच्या दिशेने सहज चिरते. जाड तुळईवर भार आला की तिच्या मधोमध आडवी चीर पडू शकते, म्हणजे वरचा अर्धा भाग खालच्यावरून सरकू पाहतो. त्याने याचे गणित बसवले. आयताकृती तुळईत शिअर वरच्या आणि खालच्या कडेला शून्य असतो आणि मध्यावर सरासरीच्या दीडपट होतो. या कामाला १८५५ साली रशियन अकादमीचे देमिदोव्ह पारितोषिक मिळाले. हा दीडपटीचा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे शंभर वर्षांनी पुन्हा आडवा येतो.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये प्रश्न रिव्हेटचा होता. वेल्समधला ब्रिटानिया पूल म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड चौकोनी नळ्या, आणि त्यांच्या मुख्य गाळ्यांची लांबी ४६० फूट. रॉबर्ट स्टीफन्सनच्या या पुलात लाखो रिव्हेट होते आणि १८५० साली त्यातून गाड्या धावू लागल्या. रिव्हेट ओढीने क्वचित तुटतो. दोन पत्रे विरुद्ध दिशांना सरकू लागतात आणि मधला रिव्हेट कापला जातो. एकावर एक दोनच पत्रे असतील तर ते एका रेषेत नसतात, भार आला की जोड तिरका होतो आणि रिव्हेट वाकतो. तीन पत्रे ठेवून मधला ओढला तर रिव्हेट दोन ठिकाणी कापला जातो आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने जोड सरळ राहतो. एकेरी आणि दुहेरी शिअर हा भेद या पुलाच्या प्रयोगांत रुजला. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. तापवून ठोकलेला रिव्हेट थंड होताना आकसतो आणि पत्रे इतके आवळतो की घर्षणच बराच भार पेलते. पुलाचा एक सल्लागार विल्यम फेअरबर्न याने आधीच बॉयलरच्या जोडांवर प्रयोग केले होते. अखंड पत्र्याची ताकद १०० धरली तर रिव्हेटच्या दुहेरी ओळीच्या जोडाची ७० आणि एकेरीची ५६, असे त्याचे आकडे पुढे कित्येक दशके अभियंत्यांच्या तोंडी होते.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत याच दुहेरी शिअरचा वंशज रोज भेटतो. यूटीएम या ओढ-दाबाच्या चाचणीयंत्राच्या जबड्यात शॅकल अडकवायचे, त्यात एम.एस.ची म्हणजे मऊ पोलादाची सळी सरकवायची, भार वाढवत न्यायचा, तुटताना जो भार आला त्याला सळीच्या क्षेत्रफळाच्या दुपटीने भागायचे. इचलकरंजी आणि मिरजेच्या पट्ट्यात ही यंत्रे बनतात आणि देशभरच्या प्रयोगशाळांत जातात. मऊ पोलादात उत्तर ओढीच्या ताकदीच्या साधारण पाऊणपट येते. तुटलेला मधला तुकडा हातात घेऊन पाहावा, त्याला थोडा बाक आलेला असतो. विद्यार्थी जर्नलमध्ये आकडा लिहून मोकळे होतात, पण त्या बाकाकडे शिक्षकांनी आवर्जून बोट दाखवले पाहिजे. कूलोमची अडचण तिथे प्रत्यक्ष दिसते.

कुळाची दुसरी शाखाही कूलोमकडेच जाते, आणि माझ्या लेखी तीच जास्त सुंदर आहे. चुंबकसूची टांगण्याच्या निमित्ताने त्याचे लक्ष धाग्यांच्या पिळाकडे गेले होते. १७८४ च्या प्रबंधासाठी त्याने हार्प्सिकॉर्ड या वाद्याच्या लोखंडी आणि पितळी तारा घेतल्या, खाली वजन टांगले, वजनाला गोल फिरवून सोडून दिले आणि हेलकाव्यांचा वेळ मोजला. पीळ लहान असो की मोठा, मर्यादेत राहिला तर वेळ तोच. म्हणजे पिळाचा विरोध पिळाच्या कोनाच्या प्रमाणात वाढतो. तारेची लांबी दुप्पट केली तर विरोध निम्मा, आणि व्यास दुप्पट केला तर सोळापट. पुढच्या वर्षी विद्युतभारांमधले बल मोजणारा त्याचा प्रसिद्ध काटा याच ज्ञानावर उभा राहिला. पण त्या तारांमध्ये त्याने नकळत शिअर मोजण्याची सर्वांत शुद्ध रीत शोधली होती. गोल सळीला पीळ दिला की तिचा प्रत्येक काप शेजारच्या कापावर फिरू पाहतो. इथे दोन बलांमध्ये फटच नसते, म्हणून बाकही नसतो.

खडूला हळूहळू पीळ देऊन तोडून पाहावे. तो आडवा सपाट तुटत नाही, ४५ अंशांच्या मळसूत्री पृष्ठावर तुटतो. कारण शुद्ध शिअरमध्ये ४५ अंशांवर तेवढीच ओढ दडलेली असते आणि खडू ओढीला कच्चा. मऊ पोलादाची सळी पिळून तोडली तर काप आडवा आणि सपाट येतो, कारण पोलाद आधी शिअरला हार जाते. पदार्थाचा स्वभाव इतक्या उघडपणे सांगणारी दुसरी चाचणी नाही. १८७०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट थर्स्टन याने पिळाचे असे यंत्र केले की नमुना तुटेपर्यंतचा आलेख ते आपोआप कागदावर काढत असे. लंडनमध्ये डेव्हिड कर्काल्डीने १८६६ साली स्वतंत्र चाचणीघर सुरू केले. दारावर ‘मते नकोत, तथ्ये हवीत’ अशा अर्थाचे ब्रीद कोरले, आणि त्याच्या एकाच महायंत्रात ओढ, दाब, बाक, पीळ, शिअर सगळे व्हायचे.

पिळातही एक खोट आहे. भरीव सळीत शिअर पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो आणि केंद्रात शून्य. बाहेरचा थर हार मानतो तेव्हा आतला शाबूत असतो, त्यामुळे आकड्याचा अर्थ लावणे कठीण जाते. उपाय म्हणजे पातळ नळी. इंग्लंडमध्ये टेलर आणि क्विनी यांनी १९३१ साली अशा नळ्यांना एकाच वेळी ओढ आणि पीळ दिला. धातू हार मानतो तो शिअरच्या कमाल मर्यादेला, असे आँरी त्रेस्का याने १८६०च्या दशकात म्हटले होते. १९१३ साली फॉन मीझेसने दुसरे सूत्र मांडले होते. एकाच्या मते शिअरमधली मर्यादा ओढीतल्या मर्यादेच्या ०.५ पट, दुसऱ्याच्या मते ०.५७७ पट. तांबे, ॲल्युमिनियम आणि मऊ पोलादाने कौल मीझेसच्या बाजूने झुकवला.

पोलादाच्या जगात शिअरची कडकपणा-संख्या वेगळी मोजली नाही तरी निभावते. ओढीतला आकडा सुमारे २०० गिगापास्कल असेल तर शिअरचा ८०च्या आसपास येणार, हे सूत्रानेच निघते. कार्बन फायबरचे काँपोझिट आले आणि हा आधार गेला. तंतूंच्या दिशेने १३०-१४० गिगापास्कल देणारा पदार्थ शिअरमध्ये जेमतेम ५ देतो, आणि एका आकड्यावरून दुसरा काढता येत नाही. विमानाच्या पंखाच्या सपाट तुकड्यातून पातळ नळी कशी काढणार?

उत्तर रुमानियातून आले, तेही धातूंसाठी शोधलेले. निकोलाए योसिपेस्कू याने लहानशी चपटी तुळई घेतली, तिच्या मध्यावर वर आणि खाली ९० अंशांच्या दोन व्ही आकाराच्या खाचा पाडल्या आणि भार असे विषम ठेवले की मधल्या कापावर बाक बरोबर शून्य व्हावा. तिथे शिअर उरतो. पण साध्या तुळईत झुराव्स्कीचा दीडपटीचा फुगवटाही उरला असता. खाचांमुळे तो सपाट होतो आणि शिअर जवळजवळ सारखा पसरतो. इंग्रजीतला त्याचा लेख १९६७ चा. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात वॉल्रथ आणि ॲडम्स यांनी ही रीत काँपोझिटसाठी घडवली, आणि १९९३ साली एएसटीएम या चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे डी ५३७९ हे मानक झाले. नमुना सुमारे ७६ मिलिमीटर लांब, खाचांच्या मध्ये ४५ अंशांवर चिकटवलेले दोन स्ट्रेन गेज, म्हणजे ताण-आकसणे मोजणाऱ्या पट्ट्या. खडू ज्या दिशेला फुटतो त्याच दिशेला.

यातही कुरबुरी आहेत. भार कडांवर येतो, तिथे नमुना चुरडू शकतो. तंतू लांबीच्या दिशेने असतील तर खाचेच्या टोकाशी चीर लवकर सुरू होते. म्हणून २००५ साली आलेल्या डी ७०७८ मानकात खाचा तशाच ठेवल्या, नमुना मोठा केला आणि कडा दाबण्याऐवजी त्याच्या सपाट बाजू जबड्यांत घट्ट पकडल्या. बरेच काँपोझिट तर तुटतच नाहीत, भार वाढेल तसे त्यांचे तंतू फिरत जातात, आणि तंतू फिरले की जे मोजले जाते ते शुद्ध शिअर राहत नाही. ५ टक्के शिअर विकृतीपर्यंत नमुना तुटला नाही तर चाचणी तिथे संपली असे धरायचे, आणि त्या क्षणी जो आकडा असेल तो लिहायचा, असे मानक सांगते.